मोठ्या मापाचे खंड आधी

जयसिंगपूरच्या ज्या वाचनालयात मी वाचायला शिकलो, तिथल्या ग्रंथपाल बाईंचा मागच्या महिन्यात फोन आला. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांना जागा हवी होती, म्हणून कॉमिक्सचं कपाट रिकामं करायचं ठरलं होतं. बाई म्हणाल्या, "एक कप्पा तुझ्यासाठी मागून घेतलाय. त्यात काय ठेवायचं ते तू ठरव. बाकीचं रद्दीत जाणार."

कपाटात एकाच महानायकाच्या मासिकाचे सव्वीस खंड होते. हिंदी मासिक, कितीतरी वर्षं चाललेलं. माझं हिंदी त्यावरच पक्कं झालं. त्याचे लेखक तीन, आणि तिघांचे काळ वेगळे. हे मला लहानपणीच कळलं होतं, पण नावं मात्र ठाऊक नव्हती. बाइंडिंग करणाऱ्यानं फाटकी मुखपृष्ठं आणि त्यामागचं पान कापून टाकलं होतं. लेखकाचं नाव आणि अंक क्रमांक त्याच पानावर असायचे.

मी लेखक ओळखायचो ते त्यांच्या सवयींवरून. एकाचा नायक लढाईला निघण्याआधी आईच्या हातचं जेवून जायचा, आणि गोष्ट त्याच अंकात संपायची. दुसऱ्याचा नायक कमी बोलायचा, कधी हरायचाही. त्याची आई वारलेली असायची आणि घरी आल्यावर तो दिवा न लावता बसायचा. तिसऱ्याकडे सगळेच ओरडायचे आणि प्रत्येक अंकात एखादा ग्रह फुटायचा.

घोळ होता तो खंडांच्या क्रमात. मासिकाचं माप दोनदा बदललं होतं. कापायच्या मशीनला एका मापाचा गठ्ठा सोयीचा, म्हणून त्या माणसानं मोठे अंक आधी बांधले, मग मधले, शेवटी लहान, आणि त्याच ओळीनं पुठ्ठ्यांवर आकडे घातले. लहान अंक खरं तर सर्वांत जुने, आईच्या हातचं जेवून निघणाऱ्या नायकाचे होते. आम्ही मुलं आकड्यांप्रमाणे वाचत गेलो.

आई तेव्हा तंबाखूच्या वखारीत कामाला होती. तिला अक्षर येत नव्हतं. संध्याकाळी ती भाकरी थापायची आणि मी चुलीजवळ बसून वाचलेलं मराठीत सांगायचो. लहान अंकांवर आलो तेव्हा ती थांबली. "गेलेली बाई परत वाढाय कशी आली रं?"

मी म्हणालो, नायकाला जुनं आठवतंय तसं. तिला ते पटलं नाही. पुस्तकात आहे म्हटल्यावर चूक आपलीच असणार, असं आमच्या घरात सगळेच धरून चालायचे, म्हणून तिनं विषय सोडला. पुढं कोल्हापुरात कॉलेजला आलो, तिथं एका मित्राकडं न कापलेले अंक मिळाले आणि खरा क्रम कळला. लेखकांची नावंही कळली. आईला सांगायचं मात्र राहून गेलं.

बाईंचा फोन आला तेव्हा माझी निवड ठरलेलीच होती. दुसरा लेखक. पराक्रमाच्या मासिकात पराभव लिहायचं धाडस त्यानं केलं, आणि दोन ओळींत माणूस उभा करता येतो हे मी त्याच्याकडून शिकलो. पहिल्याचं लेखन बाळबोध, हे आजही माझं मत आहे. दुसऱ्याच्या नऊ खंडांनी कप्पा भरत होता.

आई आता कोल्हापुरात, शिवाजी पेठेत माझ्याकडेच असते. जयसिंगपूरला निघायच्या आदल्या दिवशी मी तिला सगळं सांगितलं. खंड उलटे बांधले होते, तू विचारलंस ते बरोबर होतं, तो नायक आधी आईजवळ होता आणि नंतर एकटा पडला. त्यातला एकटेपणाचा काळ मी ठेवणार आहे, असंही म्हणालो. ती लसूण सोलत होती. "तरी मी म्हणतच हुते की," म्हणाली. मग म्हणाली, "म्हंजे मेल्यावरचं ठेवणार आन् जित्तेपणीचं रद्दीत घालणार व्हय?"

मी तिला लेखनाचा कस वगैरे समजावू लागलो. तिनं ऐकून घेतलं आणि सोललेला लसूण घेऊन आत गेली.

वाचनालयात मी लहान खंड पुन्हा चाळले. लेखन तितकंच बाळबोध होतं. पण दुसऱ्या लेखकाच्या पहिल्याच अंकात नायक रिकाम्या ताटाकडे पाहतो. ते ताट कुणाचं, हे पहिल्या लेखकाशिवाय कळतच नाही. मी दुसऱ्याचे चार खंड कप्प्यातून काढले. त्यांतल्या दोन खंडांचा मोह सुटत नव्हता. त्या चारांच्या जागी पहिल्याचे पाच लहान खंड बसले. तिसऱ्याचा एकही ठेवला नाही.

ही निवड गुणवत्तेवर झालेली नाही, असं मी बाईंना सांगितलं. पहिल्याचे बाकी खंडही जाणार होते, त्याची हळहळ त्यांना माझ्या तोंडावर दिसली असावी. त्यांनी दहा खंडांची नोंद केली, उरलेल्यांवर रद्दचा शिक्का मारला आणि म्हणाल्या, "चल, गठ्ठे खाली न्यायला हात लाव." सोळा खंड होते. आम्ही दोघांनी तीन खेपांत ते खाली नेले.