फ्लॉपीचा कोरलेला बांध

आता पोराच्या मोबाइलमध्ये गावाची सगळी जनावरं चरायला सोडली तरी जागा उरते. माझं लग्न मात्र एका फ्लॉपीत मावेना म्हणून मोडायला आलं होतं. खोटं वाटत असेल तर आमच्या बायकोला विचारा. ती माझ्यापेक्षा वाढवून सांगते.

तेव्हा मुरुडला माझं टायपिंग आणि लग्नपत्रिकांचं दुकान होतं. एक कॉम्प्युटर, एक स्कॅनर आणि धूळ एवढी, की सकाळी की-बोर्डवर कुळव फिरवूनच कामाला बसावं लागे. मुलगी भोकरची. होणारे सासरे शेतकरी, आणि नोकरी नसलेल्या जावयाबद्दल त्यांना भारी शंका. साखरपुडा उरकला तरी त्यांचं चाचपणं चालूच. "कॉम्प्युटर म्हंजे नेमकं काय करून राहिले तुम्ही?" हे त्यांनी इतक्यांदा विचारलं की मलाही शंका यायला लागली. शेवटी त्यांनी अट घातली. पत्रिका जावयानंच करायची, आणि भावकीतलं एक जरी नाव सुटलं तर "पुढचं पुढं बघू". त्यांच्या तोंडचं "पुढचं पुढं बघू" म्हणजे सोयरीक मोडली, हे अख्ख्या तालुक्याला ठाऊक होतं.

नावं खताच्या पिशवीत भरून आली. थोरले, धाकटे, रुसलेले, वारलेले, सरपंच, माजी सरपंच, होऊ घातलेले सरपंच. वरच्या अंगाला पुढाऱ्यांचे फोटो, खाली आज्यापणज्यांचे. देवाला कोपरा मिळाला तो वशिल्यानं.

नांदेडच्या प्रेसला न्यायची फ्लॉपी सासऱ्यांनी कानाजवळ धरून हलवून बघितली. "एवढी माणसं ह्या चकतीत बसतेत का हो?"

"मामा, वरून भोकर तालुका टाका. तरी बसवतो!"

बसेना. फ्लॉपी होती १.४४ एमबीची, म्हणजे आजच्या एका सेल्फीचा कान. दोन फ्लॉप्या घेतल्या असत्या तर भागलं असतं. पण बोलून बसलो होतो ना.

विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात एक मित्र होता. त्यानं एक प्रोग्रॅम दिला. कंपनी फ्लॉपीच्या मधल्या अंगाला थोडी जागा पडीक सोडते, आणि लिहिण्याच्या ओळीही जरा विरळ ठेवते. हा प्रोग्रॅम ओळी दाट करायचा आणि पडीक जागेतही दोन-तीन फेरे मारायचा. झाली की फ्लॉपी १.७ एमबीची! तेवढ्या वेळात ड्राइव्ह असा कण्हला की शेजारच्या दवाखान्यातला कंपाउंडर धावत आला. "पेशंट इकडं कसा?" म्हणाला.

सासऱ्यांना ही करामत सांगितली, तेव्हा पहिल्यांदा त्यांचे डोळे चमकले.

"म्हंजे शेजाऱ्याचा बांध कोरून रान वाढवलं म्हणा की!"

"तसंच."

"अन् कंपनीला पत्ता न्हाई?"

"न्हाई."

"जमतंय की मग जावईबापूला!" त्या क्षणी मी त्यांच्या लेखी क्लास वन ऑफिसर झालो.

फायली मानपानानं चढवल्या. आधी पुढारी, मग भावकी, आज्यापणजे, देव. मधली चौकट सगळ्यात शेवटी. तिच्यात वधूवरांची नावं, तारीख आणि ठिकाण मी वळणदार अक्षरांत चित्रासारखं काढलं होतं. ती गेली कोरलेल्या बांधावर.

नांदेडच्या प्रेसमध्ये सासरे माझ्याआधी खुर्ची अडवून बसले. तिथला ड्राइव्ह बांधापर्यंत गेला आणि पुढे पाऊलच टाकेना, नुसता गुरगुरायला लागला.

ऑपरेटर म्हणाला, "साहेब, शेवटची फाइल येऊन नाही राहिली."

नमुना छापून निघाला. सगळा गोतावळा हजर, मधली चौकट कोरी. मला असा घाम फुटला की विष्णुपुरीच्या धरणाचे दरवाजे उघडावे लागले असते. सासऱ्यांनी कागद मांडीवर घेतला आणि एकेका नावावर बोट ठेवत निघाले. मध्येच बोट थांबायचं, माझा श्वास थांबायचा. बोट पुढे सरकायचं, मी पुन्हा जिवंत.

"हाव," ते शेवटी म्हणाले. "एक बी न्हाई सुटला. छापा!"

मी खालच्या आवाजात म्हणालो, "मामा, मधलं राहिलं."

"मधलं काय?"

"नवरा-नवरी."

त्यांनी चौकट निरखून पाहिली. "त्याला काय होतंय? तुमचं लगीन हाय ते समद्यास्नी ठावं हाय. माणूस पत्रिकेत आपलं नाव बघतो, तुमचं न्हाई."

ऑपरेटरलाच दया आली. त्यानं आमची नावं, तारीख आणि ठिकाण तिथंच टाइप केलं. त्याच्याकडं जाड अक्षर एकच होतं, फवारणीच्या औषधाच्या जाहिरातीतलं. पत्रिका पाहिली की वाटायचं, आम्हा दोघांना लहान मुलांपासून दूर ठेवा.

भावकी मात्र झाडून आली. सासरे आजही चारचौघांत सांगतात, "जावयानं बांध कोरला, पण एक माणूस सुटू दिला न्हाई." त्या हिशेबात मी धरलेला नाही.