इथं गोरं करून मिळणार नाही

जन्म गेला लोकांना 'हनुवटी वर करा' सांगण्यात. हनुवटी वर गेली की तोंड उघडतं, आणि तोंड उघडलं की अक्कल दिसते. असे किस्से इतके साठलेत की आठवले तरी डोकं तापतं.

फोटोचा धंदा एवढा कसा चालला, विचारतात लोक. रागावर चालला!

न्हावा शेवा बंदरात ट्रेलर चालवणारा एक ड्रायव्हर. उन्हानं रापून कोळसा झालेला. गेटपाससाठी त्यानं आमच्या समोरच्या स्टुडिओत फोटो काढला. तिथल्या शहाण्यानं त्याला दुधासारखा केला. गेटवरच्या वॉचमननं एकदा फोटो बघितला, एकदा ह्याला. म्हणाला, "ज्याचा फोटो हाय, त्याला पाठव."

बिचारा माझ्याकडं आला. आहे तसा काढून दिला. दुसऱ्या दिवशी दारात ड्रायव्हरांची रांग.

त्याच आठवड्यात दुकानावर पाटी ठोकली: 'इथं गोरं करून मिळणार नाही.' एक मास्तर आले, म्हणाले पाटी उद्धट आहे, निदान 'कृपया' तरी घाला. घातलं. खाली लिहिलं, 'कृपया समोर जा.'

मग एकाला आईच्या पंचाहत्तरीचा बॅनर करायचा होता. सुरकुत्या पुसा म्हणून मागं लागला. म्हातारी मिठागरात राबलेली, स्टुलावर बसून ऐकत होती. शेवटी पोराला म्हणाली, "पुस. पण मग मिठागरात कोण राबलं, तुझा बाप?" तो बॅनर सुरकुत्यांसकट नाक्यावर लागला आणि माझ्याकडं पनवेलपासून म्हाताऱ्या यायला लागल्या.

तरी माझ्या महेशला पटेना. लग्नाच्या ऑर्डरी समोर जातात, म्हणायचा. "अप्पा, पाटी काढा, न्हायतर मी गोडाऊनला नोकरी बघतो." एकुलता एक पोरगा. पाटी काढली नाही, पण झोप उडाली.

ह्या दिवट्यानं मला न सांगता कंप्युटरात आपोआप गोरं करायचं काहीतरी घातलं. पहिलाच अल्बम हळदीचा. नवऱ्याच्या आत्यानं तो आणून काउंटरवर आपटला. "दोन किलो हळद लावली पोराला. गेली कुठं?" खरंच, एकाच्याही अंगावर हळद नव्हती! सगळे पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे.

त्यानंही हा शिकला नाही.

परवा एक बाप मुलीला घेऊन आला. लग्नासाठी दाखवायला फोटो हवा होता. पोरगी सावळी, नाकीडोळी नीटस. फोटो मी काढला. बाप मला वगळून महेशकडं गेला. म्हणाला, "म्हातारा ऐकायचा न्हाय. तू कर जरा उजळ." महेशनं माझ्यादेखत केली आणि स्क्रीन तिच्याकडं फिरवली.

पोरीनं वाकून बघितलं.

"ही कोण?"

"तूच गं," बाप म्हणाला.

तिनं चपला घातल्या. "मग हिलाच दाखवा, बाबा. पसंत पडली तर लग्न पण हिचंच लावा. मी जाते, भात टाकायचा हाय."