साच्यांच्या गावची झोप

इंदिरानगरात श्यामलाताईंच्या घरी वरच्या मजल्यावर कॉलेजच्या मुली राहतात. ताई पूर्वी मुलींच्या शाळेत पीटी शिकवायच्या. निवृत्त झाल्या, घर रिकामं वाटू लागलं, तेव्हा खोल्या भाड्यानं दिल्या. शिट्टी कपाटात गेली. शिस्त गेली नाही. सकाळी चहाच्या आधी सगळ्यांनी गच्चीवर उन्हात उभं राहायचं, हातपाय मोकळे करायचे. संध्याकाळी जॉगिंग ट्रॅकवर एकत्र फेरी, आपसात अबोला असला तरी. जेवण मांडीला मांडी लावून. आणि रात्री दहाला सगळे फोन खाली, ताईंच्या पितळी डब्यात. त्यानंतर घर चिडीचूप.

"मावशी, आम्ही कैदी आहोत का?"

"कैद्यांना डिंकाचे लाडू देत नाहीत. खा."

तरुण शरीर सगळं सोसतं असं आपण म्हणतो. सोसतं म्हणजे काय, तर फार उशिरा बोलतं. ताईंनी उभा जन्म मैदानावर कोसळलेल्या मुली उचलल्या होत्या. उपाशी आलेल्या, रात्र रात्र जागलेल्या, मनात काहीतरी दाबून ठेवलेल्या. पडलेल्या मुलीला पाणी पाजताना त्यांना नेहमी वाटायचं, आपण उशिरा पोचलो. आता त्यांना मुली पडण्याच्या आधी गाठायच्या होत्या.

तरी नाझिया पडलीच. भर उन्हात, गच्चीवर.

नाझिया मालेगावची. फार्मसीच्या पहिल्या वर्षाला. वडील सलीमभाई यंत्रमागावर कामाला. शिकायला गाव सोडून आलेली त्यांच्या घरातली पहिलीच मुलगी. आली तेव्हा बरी होती. मग डोळ्यांखाली काळं साचत गेलं, वर्गात डुलक्या येऊ लागल्या, वाचलेलं डोक्यात राहीना. डॉक्टरांनी रक्त तपासलं. आजार नव्हता. झोप नव्हती.

ताईंनी ते मनावर घेतलं. जायफळ उगाळून दूध दिलं, काशाच्या वाटीनं तळपाय घासून दिले. मग घरातला आवाज शोधून शोधून मारायला सुरुवात केली. दारांच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. ठिबकणाऱ्या नळाला नवा वॉशर बसवला. गल्लीच्या गुरख्याला काठी आपटायची बंदी केली. खोलीतला खडखडणारा पंखा काढून नवा लावला.

"मावशी, आता फक्त झुरळांना मोजे घालायचे राहिलेत," नाझियाच्या खोलीत राहणारी ओवी म्हणाली.

घर जितकं शांत होत गेलं तितकी नाझिया खंगत गेली. परीक्षा तोंडावर आली, आणि एका दुपारी सलीमभाई तिला न्यायला आले.

"ताई, तुम्ही लय केलं तिच्यासाठी. पण तिची अम्मी रोज रडते. तब्येतच नसेल तर शिकून काय करायचं? परीक्षा काय, पुढच्या साली देईल."

नाझिया जिन्याच्या कठड्याला धरून उभी होती. तिच्या मावसबहिणींनाही पुढचं वर्ष सांगितलं होतं. ते आलं नव्हतं. लग्नं आली होती.

"जेवल्याशिवाय नाही जायचं," ताई म्हणाल्या. वेळ काढायचा एवढंच त्यांच्या हातात उरलं होतं. ज्वारीचं पीठ संपलं होतं म्हणून त्यांनी घरघंटी लावली. घर्रघर्र सुरू झालं. सलीमभाई स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्चीवर बसले होते. जरा वेळानं ताईंनी वळून पाहिलं, तर त्यांची मान भिंतीला टेकलेली, तोंड किंचित उघडं. गाढ झोप.

बिचारा दमलाय, म्हणून ताईंनी घरघंटी बंद केली.

सलीमभाई ताडकन उठले. "काय झालं? लाईट गेली?"

ताई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी घरघंटी पुन्हा सुरू केली. सलीमभाईंचे खांदे सैल पडले, ते खुर्चीत टेकले. पापण्या जड झाल्या. ताईंनी बटण बंद केलं. डोळे उघडले.

"सलीमभाई, तुम्ही घरी कुठं झोपता?"

"म्हणजे? घरातच. भिंतीला लागून साचे आहेत," ते ओशाळून म्हणाले. मालेगावात मागाला साचा म्हणतात. "दिवसरात्र चालू असतात. आम्हाला आवाज येतच नाही, ताई. बंद पडले की मात्र सगळं घर जागं होतं."

ताई नाझियाकडे वळल्या. "तू पण?"

नाझियानं मान खाली घातली. "अम्मीनं साच्यांचा आवाज फोनवर भरून पाठवला होता. सुरुवातीला दुसराच जुना फोन डब्यात टाकायचे. खरा उशीखाली. मग तुम्ही पकडलंत."

"अगं, मग सांगायचं नाही का?"

"सगळ्या हसल्या असत्या."

"हसलो असतोच," दारातून ओवी म्हणाली. "पण एकच दिवस."

ताई पाटावर बसल्या. माणूस चुकतो तेव्हा आधी कारण शोधतो. त्यांनी शोधलं नाही.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "माझ्या झोपेचं माप मी तुझ्या अंगाला लावलं." मग सलीमभाईंना, "मला आठ दिवस द्या. नाही जमलं तर मी स्वतः मालेगावला आणून सोडते."

सलीमभाईंनी मुलीकडे पाहिलं. पोरीचे हात कठड्यावर पांढरे पडले होते.

"दिले," ते म्हणाले. भाकरी खाऊन ते एकटेच बसला गेले.

फोनचा नियम ताईंनी मोडला नाही. त्यांनी माळ्यावरचा जुना पत्र्याचा कूलर खाली काढला, त्याचे ढिले स्क्रू मुद्दाम तसेच ठेवले आणि नाझियाचा पलंग स्वयंपाकघरामागच्या लहान खोलीत हलवून त्याच्या उशाशी लावला. पाणी न घालता. "हा कूलर आहे की ट्रॅक्टर?" मुली म्हणाल्या. ताई स्वतः कानात कापूस घालून झोपू लागल्या, कारण त्यांची खोली शेजारचीच.

त्यानंतरच्या शुक्रवारी सकाळी सलीमभाईंचा फोन आला.

"ताई, नाझियाला द्या जरा."

"देत नाही. झोपलीय. दोनदा हाका मारल्या, कूस बदलली फक्त."

एरवी त्यांच्या फोनमध्ये मागून खटखट ऐकू यायची. आज ती नव्हती.

"तुमच्याकडे एवढं शांत कसं?"

"जुम्मा आहे ना. साचे रात्रीपासून बंद." ते जांभई देत हसले. "आमचा इकडे डोळा लागला नाही. उद्या तिला न्यायला येणार होतो."

"नका येऊ. परीक्षा झाली की येईल ती."

"बरं," सलीमभाई म्हणाले. मग घाईनं, "उठवू नका हां तिला, ताई."