घट तोंडावर सांगायची असते

गेल्या मंगळवारी सकाळी रावजी माझ्या दुकानाच्या पायऱ्या चढले आणि मी हातातला चिमटा खाली ठेवला... बजेटच्या दिवसापासून आमचं बोलणं बंद होतं.

मी मूळचा सांगली जिल्ह्यातला. चेन्नईत पंचवीसेक वर्षं गलाईचं काम करतो, म्हणजे जुने दागिने आटवून सोनं शुद्ध करून द्यायचं. रावजी वेस्ट मांबलमला आमच्याच बिल्डिंगमध्ये राहतात. बँकेतून निवृत्त झालेत, घराणं तंजावरकडचं. त्यांचं मराठी जुन्या वळणाचं, तमिळच्या चालीत झुलणारं, ऐकत राहावं असं. रोज संध्याकाळी मारुतीचं दर्शन झालं की आम्ही दोघे देवळाच्या पायरीवर अर्धा तास बसायचो.

बजेटच्या दिवशी मी इथेच एक पोस्ट लिहिली होती. भाषणातले मोठे आकडे टाळ्यांसाठी, आणि मागच्या वर्षीचे अंदाज कुठे चुकले ते मात्र कागदांच्या ढिगाऱ्यात. जुन्या कर्जाचं व्याज भरायला नवं कर्ज. बाहेरून येणारा माल जास्त, आपला जाणारा कमी, आणि व्यापारातल्या या तुटीचा दोष मात्र चार ग्रॅम सोनं घेणाऱ्या बायकांच्या माथी... यातला एकही शब्द मी आजही मागे घेत नाही.

रावजी सरकारच्या बाजूचे. "देश चालवणे म्हणजे भट्टी चालवणे नव्हे" असं त्यांनी खाली लिहिलं. मीही चिडून लिहिलं की बँकवाल्यांना तूट दिसत नाही, टाळ्या तेवढ्या ऐकू येतात. त्यानंतर पायरीच्या एका टोकाला ते आणि दुसऱ्या टोकाला मी.

तर मंगळवारी त्यांनी रुमालातून एक वंकी काढून समोर ठेवली. त्यांच्या आईची, दंडात घालायची, जाडजूड. पुढच्या महिन्यात नातीचं लग्न आहे. वंकी आटवून तिला एक चेन आणि दोन बांगड्या करायच्या होत्या. देशाला सोनं बाहेरून आणावं लागतं, म्हणून आपण गुंजभरही नवं घ्यायचं नाही, असं त्यांनी घरात सगळ्यांसमोर जाहीर केलेलं. म्हणजे व्यापारातल्या तुटीची काळजी त्यांनाही होतीच की... मी ते कधी लक्षातच घेतलं नव्हतं.

आमच्या धंद्याची एक रीत आहे. दागिना भट्टीतल्या मुशीत टाकण्याआधी आटताना वजनात किती घट येईल ते गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायचं, आणि आटलेल्या सोन्याची लगड काट्यावर चढेपर्यंत गिऱ्हाइकाने समोरून हलायचं नाही.

जुनी वंकी आली की आधी बारीक भोक पाडून आत काय आहे ते बघायचं, हेही मला मिसरूड फुटायच्या वयात शिकवलेलं. पण आईची वस्तू, त्यात समोर रुसलेला माणूस... भोक पाडलं तर अविश्वास दाखवल्यासारखं होईल, असं वाटलं. नुसत्या वजनावरून अंदाज सांगितला. सगळं पुरेल, म्हणालो.

आच लागली आणि दोन मिनिटांत धूर निघाला. वास आला तसा मी समजलो... लाख. वंकी आतून लाखेने भरलेली होती.

लगड काट्यावर ठेवली तेव्हा दुसऱ्या बांगडीपुरतं सोनं नव्हतंच. मनात आलं, त्या काळच्या सोनारावर ढकलून द्यावं. तो काही आता भांडायला येणार नव्हता. पण समोर भिंतीवर गावच्या देवीचा फोटो होता. म्हटलं, "रावजी, माझा अंदाज चुकला. भोक पाडून बघायला हवं होतं, मी बघितलं नाही. चूक माझी."

ते उठून वाकले, भट्टीच्या कडेला जमलेली काजळी बोटाला लावली, हुंगली. मला वाटलं, संपलं सगळं.

"म्हणजे हा तुमचा सुधारित अंदाज की, जाधव?"

बजेटच्या कागदांतला शब्द त्यांनी माझ्यावरच उलटवला होता. त्यांचा चेहरा अगदी सरळ होता. मग म्हणाले, "आई एवढा थाट करून लाखच मिरवीत होती तर..." आणि हसता हसता त्यांनी चष्मा पुसला.

दुसऱ्या बांगडीचं सोनं मी माझ्याकडचं घालतो म्हणालो, ते त्यांनी साफ नाकारलं. "बरं, एकच बांगडी. नवं घ्यायचं नाही म्हणजे नाही."

कॉफी आली. अर्धी संपल्यावर ते म्हणाले, "तुमची पोस्ट मला अजून पटलेली नाही. पण चूक झाली त्याच घडीला तुम्ही माझ्या तोंडावर बोललात. बँकेत हे मी फार थोड्यांकडून ऐकलं. सरकारकडून ऐकायला मलाही आवडेल."

शनिवारी ते पायरीवर बजेटच्या कागदांचे प्रिंट घेऊन आले. कुठल्या रकान्यात आधीचा अंदाज, कुठल्या रकान्यात सुधारित, हे त्यांनी गावच्या मास्तरांसारखं बोट ठेवून दाखवलं. फुलवाली बाई आणि देवळातले दोघेजणही कधी येऊन बसले, कळलं नाही.

मग आम्ही आमच्या खासदारांना पत्र लिहिलं, तमिळ आणि इंग्रजीत. नवे अंदाज सांगण्याआधी मागचे कुठे चुकले आणि का, ते लोकांच्या भाषेत सांगावं, एवढीच मागणी. आपण सरकारचे समर्थक आहोत, हे वाक्य रावजींनी हट्टाने घातलं. मी खाली सही केली.

उत्तर येईल तेव्हा येईल. नातीने निरोप पाठवलाय, एका हातात पणजीची सोन्याची बांगडी घालेन, दुसऱ्या हातात काचेच्या. तिला तेच जास्त आवडलंय म्हणे...

आज मारुतीरायाकडे एवढंच मागितलं, की भोक पाडून बघायचं धैर्य दे, आणि चुकलो तर सांगायची जीभ दे. दिल्लीवाल्यांसाठीही तेच मागून घेतलं... रावजी शेजारीच हात जोडून उभे होते, त्यांना काही सांगितलं नाही.