पोती बारा का निघाली

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. घरीही बोललो नाही. आताही लिहिलं नसतं. पण परवा कर्वेनगरला जुन्या सहकाऱ्यांचं स्नेहभोजन होतं आणि एकाने माइक हातात घेऊन तोच किस्सा पुन्हा रंगवला. "आमच्याकडे नागपूरच्या एक मॅडम होत्या. त्यांनी शेठच्या एकशेवीस पोत्यांची बारा करून दाखवली!" सगळे खदाखदा हसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तरी मी ताटातलं श्रीखंड संपवलं.

ती चूक मॅडमची नव्हती. माझी होती.

उदारीकरणानंतरचे दिवस होते. आमची छोटी कंपनी मार्केट यार्डातल्या एका कांदा व्यापाऱ्यासाठी सी भाषेत प्रोग्राम लिहीत होती. गाळ्यावर टाइप केलेला निरोप टेलिफोनच्या तारेवरून शहराबाहेरच्या गोदामात जायचा: अमक्या ट्रकमध्ये इतकी पोती भरा. निरोप पाठवायचा भाग मॅडमचा, घ्यायचा माझा.

निरोप घ्यायला सीमध्ये रिसीव्हचं फंक्शन असतं. एकदा ते वापरलं की एक अख्खा निरोप हातात पडतो, अशी माझी पक्की समजूत. मॅडमनी माझा कोड वाचला आणि टेबलापाशी येऊन हळूच म्हणाल्या, "सर, ते अख्खा निरोप देईलच असं नाही. त्या क्षणी जेवढं आलं असेल तेवढंच देतं. आपण आधी निरोपाची लांबी पाठवू आणि तेवढं भरेपर्यंत लूपमध्ये पुन्हापुन्हा घेत राहू."

"मॅडम, चालतंय ना? मग चालू द्या की."

चालत होतं, कारण चाचणी एकाच खोलीतल्या दोन मशीनवर व्हायची. शेजारच्या टेबलावर पोचलं म्हणजे गिऱ्हाइकाकडे पोचलं, ही आमच्याकडची पद्धत. तिला आम्ही टेस्टिंग म्हणायचो!

गोदामात पहिल्याच आठवड्यात निरोप तुटला. पोत्यांचा आकडा निरोपाच्या शेवटी असायचा; १२० मधले एक आणि दोन आले, शून्य मागे राहिलं. माझ्या प्रोग्रामने तेवढ्यालाच पूर्ण निरोप मानून पडद्यावर बारा दाखवले. गोदामातल्या माणसांनी इमानेइतबारे बारा पोती भरून ट्रक सोडला.

शेठ ऑफिसात आले. "अहो, एकशेवीस लिहिली, बारा निघाली. बाकीची तुमच्या तारेवर वाळत घातलीत का?"

साहेबांनी विचारलं, चूक कोणाच्या भागात आहे? मी म्हणालो, "पाठवतानाच काहीतरी गडबड होत असावी."

साहेबांना तेवढं पुरलं. "सर, पाठवलेलं पूर्ण आहे, मी आत्ता दाखवते," मॅडम म्हणाल्या. त्यांचा स्क्रीन बघायला कोणी खुर्चीवरून उठलंसुद्धा नाही. मॅडम बौद्ध घरातल्या आहेत हे सगळ्यांना ठाऊक होतं. चहाच्या वेळी एकाने मोठ्याने म्हटलं, "कोट्यातली माणसं घेतली की असंच व्हायचं." कसला कोटा? आमच्या खासगी कंपनीत कोटा आला कुठून? माझ्यासारखीच परीक्षा आणि मुलाखत देऊन त्या आल्या होत्या. चूक एका ब्राह्मणाची होती आणि जात मात्र त्यांची निघाली. तो ब्राह्मण कपबशी हातात धरून तिथेच उभा होता.

मॅडमना त्या कामावरून काढलं. पुढे त्यांनी राजीनामा दिला. मग मी गुपचूप त्यांनी सांगितलेला लूप घातला, आधी लांबी पाठवायची सोयही केली. निरोप सुरळीत जाऊ लागले. "अनुभव तो अनुभव," साहेब माझ्या पाठीवर थाप मारत म्हणाले. त्याच अनुभवावर मी अमेरिकेला जाऊन आलो.

बऱ्याच वर्षांनी मॅडम स्वारगेटला दिसल्या. त्यांनीच हाक मारली.

"सर, ओळखलंत? तो लूप घातलात का शेवटी?"

"घातला."

"आधी लांबी पाठवून?"

"हो. तुम्ही सांगितलं होतंत तसाच."

"बरं झालं. तेवढंच विचारायचं होतं." त्यांच्या बसच्या कंडक्टरने घंटी दिली.

मॅडम, चूक माझी होती, मी ती तुमच्या माथी मारली, मला माफ करा. एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, "सांभाळून जा."