हातावर चालणारी गाडी

माझे सासरे मोटारीला 'अहो' म्हणायचे. 'अहो, उठा आता, ऊन वर आलं,' असं म्हणून बॉनेटवरून हात फिरवल्याशिवाय त्यांनी कधी किल्ली फिरवली नाही. सासूबाई गॅलरीतून ऐकायच्या आणि कोरड्या आवाजात म्हणायच्या, "एवढा संसार केला, मला एकदा अहो म्हटलं नाही."

सासरे, म्हणजे आमचे बाबा, मूळचे नागपूरचे. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात विजेच्या कामावर आयुष्य गेलं आणि निवृत्तीनंतर येरवड्याला घर झालं. बोली मात्र नागपूरहून हललीच नाही. गाडी त्यांना कोरेगाव पार्कातल्या एका बंगल्यात सापडली. दोन दारांची, बुटकी, जपानी स्पोर्ट्स कार. आंब्याखाली सडत पडली होती, कारण शहरातल्या सगळ्या गॅरेजवाल्यांनी हात टेकले होते. तिच्या इंजिनात पिस्टनच नव्हते. दोन तिकोनी रोटर आपापल्या डब्यात गरगर फिरायचे, बस्स. मराठीच्या प्राध्यापकाला, म्हणजे मला, बाबांनी हे असं समजावलं होतं : "बाकीचे इंजिनं कवायत करते, जावईबापू. हे फुगडी घालते." मोटारीबद्दल मला आजवर कळलेली ही एकमेव गोष्ट.

त्या फुगडीला ठिणगी लागे आणि ठिणगीची वेळ सांभाळत दोन इवलेसे धातूचे पॉइंट. ते झिजत. मग त्यांच्यात पातळ पातं सरकवून बाबा फट पुन्हा बेताची करत. केसाइतकी चूक झाली तरी गाडी रुसे. "ठिणगी आधी पडली तं धक्का, उशिरा पडली तं धूर," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. माणसंही ते याच हिशोबाने मोजत. सासूबाई लग्नाला मांडव उभा राहायच्या आत पोचायच्या, म्हणून त्या धक्का. मी जेवणाच्या शेवटच्या पंगतीला पोचायचो. "आला आमचा धूर," असं ते साऱ्या मांडवात माझं स्वागत करत.

मग त्यांचा उजवा हात थरथरू लागला. पहिल्यांदा चहा बशीत सांडला, तेव्हा कपच वाईट निघाला म्हणाले. नंतर तो हात खिशातच राहू लागला. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं की हे वाढत जाणार.

माझी बायको सुनीता तेव्हा हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये होती आणि कंपनीच्या कामाने अमेरिकेला ये-जा करायची. तिने माहिती काढली. पॉइंट काढून त्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवता येतं. मग फट नाही, पातं नाही, काहीच हाताने जुळवावं लागत नाही.

"येताना घेऊन येते, बाबा. बसवलं की विसरून जायचं."

बाबांनी हातातलं पातं पुसून ठेवलं. मग म्हणाले, "मंग मी काय करू?"

त्या इग्निशनचा डबा तिने आणला, तो कपाटावर जाऊन बसला. बाबा त्याच्याकडे बघत नसत.

एका रविवारी विहारातून वंदना आटोपून येताना गाडी येरवड्याच्या पुलावर बंद पडली. मागे हॉर्नचा कल्लोळ. बाबांनी बॉनेट उघडलं, पातं काढलं, पण ते फटीत जाईना. पुन्हा. पुन्हा. शेवटी पांढऱ्याशुभ्र साडीतल्या सासूबाई उतरल्या आणि गाडी ढकलू लागल्या. बाबा स्टिअरिंग धरून समोर बघत राहिले. घरी आल्यावर चपलाही न काढता म्हणाले, "सुनी, काढ तो डबा."

पुढच्या रविवारी काम निघालं. सुनीताचे हात, बाबांची जीभ आणि माझी बॅटरी. "जावईबापू, उजेड इंजिनावर मारा. माझ्या तोंडावर नाही. मी चोर नाही." पॉइंट मात्र त्यांनी स्वतः काढले, वेळ लागला तरी. मी ते रुमालात गुंडाळायला गेलो. "कायले? काम झालं त्याईचं," म्हणून त्यांनी ते भंगारात टाकले.

प्रत्येक रोटरच्या प्लगच्या वायरी सुनीताने काढतानाच चिठ्ठ्या लावून ठेवल्या होत्या. जोडणी बाबांनी सांगितली, तिने केली. किल्ली फिरवली, आणि असा बार उडाला की सोसायटीतली कबुतरं दिवसभर परतली नाहीत. वरच्या मजल्यावरून बाबांचे कारखान्यातले जुने सहकारी वाकून म्हणाले, "गजभिये, निवृत्त झालात ना? काम घरी आणू नका."

बाबांनी चिठ्ठ्या पाहिल्या. एकीवर एक होता, दुसरीवर शून्य.

"हे शून्य काय आहे? मला वाटलं, नंबर टाकायचाच राहिला."

"तो पहिला रोटर, बाबा. एक म्हणजे दुसरा."

"शून्यापासून कोण मोजते, पोरी?"

"आमच्याकडे प्रोग्रॅम लिहिणारे सगळेच."

"काहून? तुमच्याकडे पहिलं लेकरू झालं तं शून्य लेकरं झाले म्हणता काय?"

सुनीता हसत हसत मडगार्डवर आडवी झाली. मग तिने वायरींची अदलाबदल केली आणि किल्ली फिरवली. गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. धक्का नाही, धूर नाही. बाबा डोळे मिटून ऐकत होते. त्यात त्यांचं काही उरलेलं नाही, हे त्यांना आमच्या आधी ऐकू आलं असणार. थोड्या वेळाने ते वळसा घालून डावीकडच्या सीटवर जाऊन बसले.

"चालव. कात्रजचा घाट पाहू कसा चढते."

मी मागे, गुडघे हनुवटीला लावून. मागची सीट जपान्यांनी दप्तरासाठी केली असावी. घाटात बाबा एकदाही सूचना देईनात. फक्त एका वळणावर, सुनीताने गिअर बरोबर बदलला तेव्हा, थरथरता हात खिशातून काढून त्यांनी तिच्या खांद्यावर ठेवला. तो मग खिशात गेला नाही.

काही वर्षांनी बाबा गेले. गाडी त्या दिवसांत कुणाच्या ध्यानातही नव्हती. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे पांगले, तेव्हा सुनीता खाली गेली आणि तिने धुळीने भरलेल्या गाडीत बसून किल्ली फिरवली. आठवडेच्या आठवडे उभी असलेली गाडी लगेच सुरू झाली.

सुनीताने स्टिअरिंगवर डोकं टेकलं. "एकदा तरी आढेवेढे घ्यायचे होते हिने," म्हणाली. मी गाडीच्या खिडकीशी उभा होतो. रुमालाने काचेवरची धूळ पुसू लागलो.

सासूबाई जिना उतरून आल्या, डावं दार उघडून आत बसल्या आणि पदर आवरून दार लावून घेतलं.

"चल की," त्या म्हणाल्या. "नुसतं पेट्रोल जाळून राहिली."