निजामभाईचं आळणी जेवण

हां, तर काल सांगत होतो ना, बदनापूरच्या आमच्या निजामभाई शिंप्याला मशीनवरच चक्कर आली. बीपी भलतंच वाढलेलं. झालं, मोबाइलवर त्याची दोन्ही लेकरं भांडायला लागली. अमेरिकेतला इजहार म्हणे, "अब्बा, इकडं या. दवापाण्यावर आमच्याइतका खर्चा जगात कोणी करत न्हाई."

जपानातली नाजिया हसली. "भाईजान, खर्चा तुमचा दुप्पट, आणि माणसं जगतात आमच्यापेक्षा कमी! अब्बा, इकडंच या."

मी शेजारी बसलेलो. दुपारची भाकर आम्ही दोघं रोज सोबत खातो. हा गेला तर मी कुणासंगं जेवू? पण बोलायचं कसं?

तेवढ्यात मदिनाभाभीनं विचारलं, "बेटी, तिथले लोक करतात तरी काय?"

"अम्मी, पूर्वी इथंही फार खारट खायचे, लकवा मारायचा. मंग गावोगाव बीपी तपासलं, मीठ कमी करायला शिकवलं."

भाभीनं निजामभाईपुढचं लोणचं उचललं. "गोळ्या डॉक्टरनं दिल्यात. मीठ मी बंद करते. एवढ्यासाठी विमान कशाला?"

दुसऱ्या दिवशी मीही डब्यात लोणचं नेलं न्हाई. निजामभाईनं ते बराबर हेरलं. "पुंजाराम, तुला कोणी मना केलंय?"

"तुझ्यासमोर मी खाणार न्हाई. पण खरं सांग, तू जाणार तर न्हाईस ना?"

त्यानं आळणी भाजीचा घास घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाला, "जातो कुठं? हे असलं जेवण एकट्याच्यानं न्हाई खाल्लं जायचं. उद्या जरा जल्दी ये."